वाचकांचे प्रश्न : आधी कान, मग कात्री

प्रश्न : नमस्कार दादा. आईची पंचाहत्तरी घरच्या घरी केली. भाच्याने त्याच्या जुन्या कॅनन ६००डीवर शूटिंग केलं. दोन कार्डं भरली, जवळजवळ दोन तासांचं चित्रण आहे. कॅमेरा दर अकरा-बारा मिनिटांनी आपोआप थांबायचा, त्यामुळे आईच्या भाषणात मध्येच खंड पडलाय. शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं, पण आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हिडिओ अडकत अडकत चालतो. कॅमेरा बिघडलाय की लॅपटॉप? आणि सुरुवात कुठून करू? औक्षणाची क्लिप सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, दोघेही ठणठणीत आहेत. ६००डी फुल एचडीमध्ये मिनिटाला साधारण ३३० एमबी लिहितो आणि एक फाइल चार जीबीची झाली की थांबतो. बारा मिनिटांचा हिशेब तिथून येतो. पुन्हा बटण दाबेपर्यंत जे घडलं ते गेलं, ते कुठल्याही सॉफ्टवेअरमधून परत येत नाही. पण खंड झाकता येतो, त्याकडे येतोच.

लॅपटॉप अडकतो त्याचं कारण वेगळं. कॅमेरा एच.२६४ पद्धतीने जागा वाचवतो : अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतो आणि मधल्या चित्रांमध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितो. बघताना लॅपटॉपला प्रत्येक चित्र जुळवत बसावं लागतं, आणि एडिटिंगमध्ये आपण सारखे मागेपुढे जातो. शॉटकटच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ चालू करा. मग तो प्रत्येक क्लिपची हलकी प्रत बनवतो, तुम्ही त्या प्रतीवर काम करता आणि शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना तो मूळ फाइल वापरतो. प्रॉक्सी आधी चालू करा आणि क्लिपा नंतर आणा. प्रती बनायला वेळ लागतो, तेवढ्यात स्वयंपाक उरकतो.

त्याआधी दोन्ही कार्डं लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये उतरवा आणि दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. मिळून चाळीस जीबीच्या आसपास होईल. दोन्हीकडे फाइल उघडतात हे बघितल्याशिवाय भाच्याला कार्ड परत देऊ नका, तो पोरगा संध्याकाळपर्यंत फॉरमॅट मारेल. टाइमलाइनवर, म्हणजे खाली क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर, पहिली क्लिप कॅमेऱ्याचीच टाका, मोबाइलची नको. शॉटकट पहिल्या क्लिपवरून सगळ्या प्रोजेक्टचं माप ठरवतो.

आता सुरुवात. कात्री नंतर लावा. हेडफोन घालून दोन्ही तास एकदा नुसते ऐका. चित्राकडे दुर्लक्ष झालं तरी चालेल. कोण कुठे काय बोललं ते वहीत फाइल नंबर आणि मिनिटासकट लिहा. मी उमेदीची वर्षं लग्नाच्या मिक्सिंग लॅबमध्ये घालवली. तिथे पहिलं काम असायचं मूळ आवाज बंद करून सनई टाकणं, मग गुलाबाच्या पाकळ्यांत नवरा-नवरी फिरवणं. आज ती लोकं त्या सीडी काढून बसतात तेव्हा पाकळ्या कुणाला नको असतात. गेलेल्या आजोबांचा आवाज कुठे आहे का, ते शोधतात. तो कुठेच नसतो.

तुमची औक्षणाची क्लिप दोनदा पाहिली. पंचाहत्तर दिव्यांचं ताट समोर येतं, आई ते नीट निरखते आणि म्हणते, ‘‘एवढं तूप कुणी घातलं गं?’’ सगळं घर हसतं. नेमकं त्याच क्षणी भाच्याने कॅमेरा केककडे वळवलाय. हा तुमच्या व्हिडिओतला सगळ्यात मोलाचा क्षण आहे, केकसाठी तो टाकून देऊ नका. वाक्य आणि हसू तसंच्या तसं राहू द्या. वर दुसरा व्हिडिओ ट्रॅक, म्हणजे चित्राची आणखी एक ओळ, घ्या आणि केक दिसतो तेवढ्या जागेवर त्याच क्लिपच्या शेवटी असलेला लाल फ्रॉकमधल्या मुलीचा हसण्याचा शॉट ठेवा, त्या शॉटचा स्वतःचा आवाज बंद करून. बघणाऱ्याला वाटेल, कॅमेरा वेळेवर तिच्याकडे वळला. आवाज एकाचा आणि चित्र दुसऱ्याचं, ही युक्ती हाताला बसली की घरच्या एडिटिंगचं निम्मं काम झालं.

भाषणातला खंड याच युक्तीने झाका. जिथे पहिली फाइल संपते तिथलं अर्धवट वाक्य काढून टाका, मागचं वाक्य पूर्ण होऊ द्या, आणि सांध्यावर तीन-चार सेकंद ऐकणाऱ्या पाहुण्यांचा एखादा शॉट बसवा. आवाजाच्या जोडावर छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज हळूहळू विरतो आणि दुसरा तसाच चढतो, नाहीतर पंख्याची घरघर तुटल्यासारखी ऐकू येते. त्या दिवशी कुणी मोबाइलवर भाषण रेकॉर्ड केलं असेल तर सोन्याहून पिवळं. आवाज मोबाइलचा सलग घ्या आणि त्याखाली कॅमेऱ्याचा आवाज एखाद्या टाळीवर जुळवून बंद करा. पुढच्या कार्यक्रमाला मात्र आईजवळच्या टेबलावर एक फोन रेकॉर्डिंग चालू करून ठेवाच. कॅमेऱ्यातला माइक लांबचा आवाज ओढताना खोलीचा सगळा गलकाही ओढतो.

कापायला शॉटकटमध्ये दोनच कळा लक्षात ठेवा : ‘एस’ने तुकडा होतो, ‘एक्स’ने तो निघून जातो आणि पुढचं सगळं मागे सरकतं. दोन तासांचे वीस-पंचवीस मिनिटं करा. पाहुणे दारातून येतानाचं, खुर्च्या सरकवतानाचं, केक वाटपाचं सगळं बेलाशक उडवा. ट्रान्झिशनच्या, म्हणजे दोन शॉटांमधल्या नक्षीदार बदलांच्या, यादीकडे ढुंकूनही बघू नका. एक शॉट संपला की दुसरा सुरू, बास. गाणं हवंच असेल तर सुरुवातीला आणि शेवटी. कुणी बोलायला लागलं की ते जवळजवळ ऐकू येणार नाही इतकं खाली.

प्रश्न : घरी सत्यनारायणाच्या पूजेचं शूटिंग केलं. ट्यूबलाइटमुळे चित्रावर पट्टे वरखाली सरकतात. एडिटिंगमध्ये जातील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घरगुती पद्धतीने नीट जात नाहीत. दा विंची रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी सोय आहे, पण ती पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत, मोफत आवृत्तीत नाही. एका पूजेसाठी तो खर्च करू नका. पट्टे फार दिसतात ते शॉट आखूड करा, देवाचे जवळून घेतलेले जास्त वापरा.

पुढच्या वेळी कॅमेऱ्यातच सोडवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. मेनूमध्ये व्हिडिओ सिस्टीम ‘पाल’ करा, वेग सेकंदाला २५ फ्रेम, एक्सपोजर मॅन्युअल आणि शटर १/५०. बरेच जण ‘एनटीएससी’ आणि ३० फ्रेमवर तसंच शूट करत राहतात आणि मग लाइटला नावं ठेवतात.

प्रश्न : बारशाचा व्हिडिओ पूर्ण करून पेनड्राइव्हवर काकांकडे नेला. फाइल फक्त काही केबीची होती आणि तिथे उघडल्यावर एकही क्लिप दिसेना. सगळं गेलं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही गेलं नाही. तुम्ही प्रोजेक्ट नेलात, व्हिडिओ घरीच राहिला. प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत वापरायची याची नोंद असते. घरी जाऊन तो उघडा आणि एक्सपोर्ट करा, म्हणजे त्यातून खरी व्हिडिओ फाइल बाहेर काढा : एमपी४, एच.२६४, आवाज एएसी, १०८०पी, फ्रेमचा वेग शूटिंगचा होता तोच. टीव्हीसाठी १० एमबीपीएस पुरतं. पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ दोन जीबीच्या आत बसतो. पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर जातच नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि मूळ क्लिपांचा फोल्डर इकडचा तिकडे हलवू नका, त्याचं नावही बदलू नका.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओवर सिनेमातलं गाणं टाकलं, तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा आला. व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. लिंक कुणाकडे आहे याच्याशी यूट्यूबच्या आपोआप होणाऱ्या तपासणीला देणंघेणं नसतं, गाणं ओळखू आलं की दावा लागतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या. नातेवाइकांनाच दाखवायचं असेल तर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून फाइल पाठवा. दोन जीबीपर्यंत जाते आणि चित्राचा चिखलही होत नाही. नेहमीच्या व्हिडिओसारखी पाठवलीत, तर मात्र केकवरचं नावसुद्धा वाचता येणार नाही.