तक्त्यात बसचा वेळच नाही

पत्र: "ओंकार (नाव बदललं आहे) बारावी सायन्सला, इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि क्लास एकत्र) आहे. दहावी सेमी इंग्रजीतून ९१ टक्के, अकरावीला ६१. आम्हाला पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं कॉम्प्युटर हवंय, म्हणजे सीईटीला ९९ पर्सेंटाइल. आठ महिन्यांत ३८ ची तूट भरायची आहे, महिन्याला पावणेपाच. मी चाकणला प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये आहे, म्हणून एक्सेलमध्ये तक्ता केला, सोबत जोडलाय. रोज रात्री तो शेरा भरून मला फोटो पाठवतो. सुरुवातीला पाळला, आता ढिलाई करतो. मोबाईलवर पीएमपीच्या बसमार्गांचे नकाशे काढत बसतो. जेवताना बोलत नाही. दोन सराव परीक्षांचे निकाल पाठवतोय. त्याच्यासाठी नेमका वैयक्तिक आराखडा करून द्यावा. मी पत्र लिहिलंय हे त्याला माहीत नाही." (एक पालक, धायरी)

नमस्कार,

शेवटचं वाक्य आधी घेतो. ज्याच्या दिवसातले सव्वापंधरा तास तुम्ही रंगवलेत, त्यालाच या पत्राचा पत्ता नाही. आणि 'आम्हाला कॉम्प्युटर हवंय' यातले 'आम्ही' कोण? अख्ख्या पत्रात ओंकारच्या तोंडचं एक वाक्य नाही. त्याला काय जड जातं, शंका आली तर कुणाला विचारतो, कॉम्प्युटर त्याला स्वतःला हवंय का, यातलं काहीच नाही. माणूसच पत्रात नसेल तर आराखडा वैयक्तिक कसा होणार? म्हणून तो मी आज देत नाही. तो कसा करायचा ते मात्र सांगतो.

आता तुमचा तक्ता. 'शेरा' या रकान्यात पहिले बारा दिवस ओळीने 'झालं, झालं, झालं' आहे आणि तेराव्या दिवसापासून रकाना कोरा. तुम्हाला तो कोरा भाग खटकतो, मला ते बारा दिवस खटकतात. बारा दिवसांत एकदाही 'अर्धं राहिलं' नाही, 'समजलं नाही' नाही. असं कुणाचंच होत नाही आणि ओंकारचं तर होणं शक्यच नव्हतं. कॉलेज अडीचला सुटतं आणि तक्त्यात पावणेतीनला 'फिजिक्स रिव्हिजन' सुरू होतं. शिवाजीनगरहून धायरी पंधरा मिनिटांत? सकाळी जाताना तुम्ही सव्वा तास धरलाय, येताना काहीच नाही. सिंहगड रस्त्यावर काय होतं ते धायरीकरांना मी काय सांगावं! पावणेतीनला तुमचा मुलगा डेक्कनच्या आसपास बसमध्ये लोंबकळत असतो आणि रात्री त्या खान्यात 'झालं' लिहितो, कारण फोटो पाठवायचा असतो. अभ्यासाऐवजी त्याला हजेरी लावायची सवय लागली.

हिशेब पूर्ण करू. कॉलेज आणि क्लास मिळून ७ तास, तक्त्यातला घरचा अभ्यास सव्वाआठ तास, झोप पावणेसहा. झाले २१. उरलेल्या ३ तासांतले अडीच बसमध्ये जातात. राहिलेल्या अर्ध्या तासात अंघोळ, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. कारखान्यात मशीनची क्षमता काढताना तुम्ही सेटिंगचा आणि मेंटेनन्सचा वेळ वजा करता. नाही केला तर पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर तुमच्या टेबलापाशी येऊन भांडेल. ओंकार भांडला नाही, तो जेवताना गप्प बसायला लागला.

तुमच्या पत्रातला एक गैरसमज बऱ्याच घरांत असतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर. ९९ मधून ६१ वजा करून ३८ ची तूट काढलीत, ती वजाबाकीच चुकीची आहे. ६१ ही टक्केवारी आहे, १०० पैकी किती गुण मिळाले ते सांगणारी. ९९ हा पर्सेंटाइल आहे. साधारण ९९ टक्के परीक्षार्थी तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एक गुणांचा आकडा, दुसरा रांगेतल्या जागेचा. सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, अनेक सत्रांत होते, कुठल्या सत्राचा पेपर सोपा निघतो, कुठल्याचा अवघड. म्हणून त्या त्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत पर्सेंटाइल काढतात. तो महिन्याला पावणेपाचने चढतही नाही. मधल्या गुणांवर मुलांची गर्दी असते, तिथे थोडे गुण वाढले तरी जागा झपाट्याने वर सरकते. वरच्या टोकाला मात्र ९८ वरून ९९ वर जायला खूप जास्त गुण लागतात. सीओईपीचं कॉम्प्युटर खुल्या गटात ९९ च्याही पुढच्या दशांशात बंद होतं. ओंकारने प्रयत्न करू नये असं मी म्हणत नाही. पण महिन्याच्या हप्त्यांत विभागता येईल असं ते कर्ज नव्हे. आणि अकरावीचे ६१ टक्के प्रवेशात कुठेच मोजले जात नाहीत, ते आता विसरा.

बाकी वाटा तुम्हाला ठाऊक आहेत: राज्यातल्या इंजिनिअरिंगसाठी सीईटी आणि बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के (राखीव गटाला ४०), एनआयटी या केंद्राच्या कॉलेजांसाठी जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा आणि बारावीचे ७५ टक्के. त्यावर शब्द खर्च करत नाही.

खरं काम सराव परीक्षांच्या निकालात आहे. सीईटीच्या धर्तीवरच्या पहिलीत २०० पैकी ८७, दुसरीत ८४. तुम्ही शेजारी लिहिलंय, 'मॅथ्स वीक, रोज २ तास वाढवणे.' थांबा. दुसऱ्या परीक्षेत गणिताचे ५० पैकी १६ बरोबर, १३ चूक आणि २१ कोरे. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. मग २१ कोरे का? क्लासमध्ये एक आड एक रविवारी जेईईच्या धर्तीवर पेपर होतो, तिथे चुकलं की एक गुण जातो. न येणारा प्रश्न सोडायचा, ही सवय तिथून आलेली दिसते. सीईटीत गणिताचा प्रश्न दोन गुणांचा आणि पर्याय चार. एकवीसही प्रश्नांना नुसता अंदाजाने पर्याय निवडला असता तरी सरासरी पाच बरोबर येतात, म्हणजे दहा गुण. हे दहा गुण रोज दोन तास वाढवून येणार नाहीत. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची आणि एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, एवढ्यानेच ते येतील.

आता ते १३ चुकलेले आणि २१ कोरे. एका सुट्टीच्या सकाळी ओंकारने हे ३४ प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवावेत. पुस्तक बंद, तुम्ही दुसऱ्या खोलीत. मग त्यांचे चार ढीग करायचे. मुळात न समजलेले, सूत्र न आठवलेले, आकडेमोडीत किंवा प्रश्न वाचण्यात घसरलेले, आणि येत असून वेळेत न पोचलेले. प्रत्येक प्रश्नापुढे धड्याचं नाव. चारही ढिगांना औषध वेगळं आहे. न समजलेल्यासाठी बालभारतीचं पुस्तक उघडून त्या धड्याची सोडवलेली उदाहरणं, मग स्वाध्याय. सूत्रांसाठी वही आणि पाठांतर. घसरणाऱ्यासाठी रोज दहाच प्रश्न, पण कच्चं काम नीट मांडून. वेळेत न पोचणाऱ्यासाठी घड्याळ: गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला मिळून ९० मिनिटांत १००, म्हणजे ५४ सेकंद. तिथे केमिस्ट्री आधी उरकावी, आकडेमोड कमी असते. 'मॅथ्स वीक' एवढ्या निदानावर चारही ढिगांना एकच गोळी देता येत नाही. दोन तास वाढवले तर मुलगा त्याला येणारीच उदाहरणं पुन्हा सोडवत बसतो, कारण त्यात वेळ बरा जातो. माझा अंदाज, बरेचसे प्रश्न अकरावीच्या त्रिकोणमिती, फलन आणि लिमिट्सपाशी येऊन ठेपतील. हे कच्चं असलं की बारावीचं डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन दोन्ही लंगडतात. शिवाय सीईटीत २० टक्के भार अकरावीचा असतोच, तोही ठरावीक धड्यांवर. ती यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळते.

मग वेळ. चोवीसमधून कॉलेज ७, बस अडीच, झोप साडेसात, जेवणखाण आणि इतर ३. उरले ४ तास. त्यातले ३ आराखड्यात घ्या, एक मोकळा ठेवा. तो आपोआप भरतो. सोमवार ते शनिवार मिळून १८ तास झाले. सुरुवातीला गणित ८, फिजिक्स ५, केमिस्ट्री ३, भाषा आणि जर्नल (प्रात्यक्षिकाची वही) २. जर्नलला हसू नका. बोर्डाला फिजिक्स, केमिस्ट्रीचे प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि शेवटच्या आठवड्यात रात्र जागून जर्नल लिहिणारी मुलं नेमकी तेव्हाच सरावाचे पेपर बुडवतात. रविवारी सकाळी एक पूर्ण पेपर, आलटून पालटून सीईटी आणि जेईई, आणि दुपारी त्याच पेपरचे ढीग. रविवारची संध्याकाळ सुट्टी.

आराखडा तासांचा नको, कामाचा हवा, आणि दिवसाचा नको, आठवड्याचा. 'मॅथ्स २ तास' असं लिहिलं की दोन तास बसलं की झालं. 'लिमिट्सची ३० उदाहरणं, चुकलेली तीन दिवसांनी पुन्हा' असं लिहिलं की झालं की नाही ते स्वच्छ कळतं. तुमचा तो 'रिकव्हरी संडे' मात्र काढाच. आठवडाभराचं राहिलेलं रविवारवर ढकललं की तिसऱ्या रविवारी तिथे डोंगर होतो आणि मुलगा सगळंच सोडून देतो. राहिलेल्या कामाची वेगळी यादी ठेवा, तिला आठवड्यात दोनच वेळा द्या. त्यात न मावणारं काय सोडायचं, ते ओंकारने शिक्षकांना विचारून ठरवावं. दोन आठवडे ओळीने पाऊणही काम होत नसेल तर आराखडा मोठा आहे. पाव भाग कापा, मुलाला बोलू नका. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटांचा आढावा कॉलेजातले एखादे शिक्षक, मावशी, मामा, कुणीही घेवो. तुम्ही घेऊ नका. तुमच्यासमोर तो 'झालं' लिहितो, हे आपण पाहिलंय.

आता त्या नकाशांबद्दल. तुम्ही ते 'ढिलाई'च्या ओळीला जोडून लिहिलंत. कुठली बस कुठून कुठे जाते, कुठे बदलावी लागते हे मांडत बसणं ही अगदीच टाकाऊ गोष्ट नाही. नगरनियोजन नावाचा पदवी अभ्यासक्रम असतो, बी. प्लॅनिंग, त्यासाठी जेईई मेनमध्येच वेगळा पेपर असतो, आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये त्यावर प्रवेश होतात. सिव्हिलमध्येही वाहतुकीचा विषय आहे. ओंकारने तिकडेच जावं असं मी सांगत नाही, कदाचित त्याला फक्त बस आवडत असतील. मला इतकंच दिसतं की त्याचा रोजचा जो प्रवास तुमच्या तक्त्यात नाही, त्याचाच तो नकाशा काढतो आहे. एकदा शेजारी बसून 'हा मार्ग असा का काढलास?' एवढं विचारा. तेव्हा सीईटीचं नाव काढू नका.

झोप मात्र आजपासून साडेसात तास, यात घासाघीस नाही. पावणेसहा तास झोपून पहाटे सोडवलेली गणितं संध्याकाळी आठवत नाहीत. पुरेशी झोप आणि हलका आराखडा यांवर दोन आठवडे जाऊनही तो गप्पच राहिला, जेवण कमी झालं, मित्रांना टाळू लागला, तर अभ्यासाचा प्रश्न बाजूला ठेवून समुपदेशकाकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्याला तिथे स्वतःहून फोन करायचा असेल तर करू द्या, काय बोलला ते विचारू नका.

हे उत्तर आधी ओंकारला वाचायला द्या, तुम्ही पत्र लिहिल्याचं सांगून. तो रागावेल, रागावू द्या. पुढचं पत्र पाठवाल तेव्हा त्या ३४ प्रश्नांचे चार ढीग आणि पुढच्या आठवड्याच्या कामांची यादी सोबत जोडा. एक्सेल नको, वहीचं पान चालेल. अक्षर ओंकारचं असावं.