वजन ६२ किलो, उंची १७० सेंमी, पण पोट सुटलंय. हृदयाला धोका आहे का?

असू शकतो. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साडेएकवीसच्या आसपास, म्हणजे ठीक. पण काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. हातपाय काटकुळे नि पोट पुढे, हीच स्नायू कमी नि चरबी जास्त असल्याची खूण.

शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पँटचा नंबर धरू नका, ती पोटाखाली बसते! पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० ही मर्यादा. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुमची ८५ च्या आत. आतड्यांभोवतीच्या चरबीतून फॅटी अ‍ॅसिड थेट यकृतात जातात, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड वाढतं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल घटतं.

उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि रक्तदाब तपासून घ्या. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर किंवा एचडीएल ४० च्या खाली (बायकांत ५०) आलं तर डॉक्टरांना दाखवा.

मासे सोडू नका. बांगडा तळण्यापेक्षा तिखल्यात बरा. खरी गोम भाताच्या दुसऱ्या वाढपात असते. तिथे कुळथाची उसळ घ्या. नुसतं उपाशी राहिलात तर स्नायूच झिजतील, म्हणून चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा उठाबशा-जोर काढा.