सांगलीत भेळेचा गाडा लावायचा तर परवानगी कोण देतं, आणि उचलून नेला तर काय करायचं?

परवानगी महापालिका देते, वॉर्डातले ओळखीचे 'भाऊ' नव्हे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात नाव लागलं की विक्री प्रमाणपत्र मिळतं. जागा ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीचा हात असतो, आणि तिथं किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांतूनच निवडलेले असावे लागतात. मारुती रोडवर गर्दी बघून गाडा टाकला म्हणजे ती जागा आपली झाली, असं नसतं. खाण्याचा धंदा, म्हणून अन्न सुरक्षेच्या (FSSAI) नोंदणीचे नियमही लागू होतात.

महापालिकेला प्रमाणपत्रातल्या जागेवरून गाडा हलवायचा तर आधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केलाच तर जप्त मालाची, अधिकाऱ्याच्या सहीची यादी तिथंच मागून घ्या. ठरलेलं शुल्क भरून मागणी केली की कांदा-टोमॅटोसारखा नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. यादी नसेल तर मात्र भांडत बसाल.