अत्याचारातून वाचलेल्या बाईचं आत्मकथन वाचलं, पण तिने शेवटी माफ केलेलं नाही. ख्रिस्ती वाचक म्हणून हे कसं घ्यायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की पुस्तक वाचून तुम्ही रडलात, लहानपणी तिच्यावर मंडळीतल्याच एका मोठ्या माणसाने जे केलं त्याचा राग आला, पण शेवटच्या प्रकरणात ती म्हणते मी त्याला माफ केलं नाही आणि चर्चलाही जात नाही, तिथे तुम्ही अडकलात. आणि आता हे पुस्तक बायबल स्टडीत सुचवू की नको असं झालंय.

मीही अडकले होते. वेगळं पुस्तक होतं पण शेवट साधारण असाच, आणि मी पेन्सिलीने समासात "क्षमा??" असं लिहून ठेवलेलं, दोन प्रश्नचिन्हं देऊन, जसं काही मी तिचा पेपर तपासतेय. ते अजून खोडलेलं नाही, मुद्दामच.

आपल्याला साक्ष ऐकायची सवय झालीये ना, हा मोठा घोळ आहे असं मला वाटतं. साक्षीचा एक ठरलेला साचा असतो, आधी अंधार, मग प्रभू भेटला, मग सगळं ठीक, हालेलुया म्हणून खाली बसायचं. मग कुणी तीनशे पानं लिहिली आणि शेवटी हालेलुया आलंच नाही की आपल्याला वाटतं हिचं काहीतरी राहिलंय, राहिलेलं बहुतेक वेळा आपलंच असतं, कारण तिने माफ केलं असतं तर आपण पुस्तक मिटून निवांत झोपलो असतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या महिला संगतीतल्या एका मुलीने प्रार्थनेनंतर थांबून मला असंच काहीतरी सांगायला घेतलं, नीट वाक्यं होत नव्हती तिची, हातातल्या गीतपुस्तकाच्या कव्हरचा प्लास्टिकचा कोपरा ती सोलत होती, सोलून सोलून तो पूर्ण सुटला. आणि मी काय विचारावं? "तू त्याला माफ केलंस का?" पहिला प्रश्न हा. ती म्हणाली "हो ताई". दुसरं काही बोलली नाही, गीतपुस्तक जागेवर ठेवलं, आणि पुढच्या महिन्यापासून यायची बंद झाली. मला तेव्हा वाटलं होतं की मी वचनाप्रमाणे सल्ला दिला.

तर वचनाकडेच येऊ. सगळ्यांना पाठ असतं ते मत्तय 18, "सातांच्या सत्तर वेळा". पण तो अध्याय पहिल्यापासून वाचून बघा कधी. सहाव्या वचनात लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवावं ते बरं, असं आहे, आणि हे बोलणारा येशूच. मग हरवलेल्या मेंढराचा दाखला, मग भावाने अपराध केला आणि ऐकत नसेल तर साक्षीदार न्या, तरी ऐकत नसेल तर मंडळीला कळवा, आणि मग कुठे 21 व्या वचनात पेत्र विचारतो किती वेळा क्षमा करू. आपण थेट तिथे उडी मारतो. आणि त्या प्रश्नावर जो दाखला आहे त्याची सुरुवात कशाने होते? राजा दासांकडून हिशेब घ्यायला बसतो. आधी हिशेब! कर्ज किती ते सगळ्यांसमोर येतं, कर्जदार ते नाकारत नाही, पाया पडतो, आणि मग सूट मिळते. लूक 17:3 मध्ये तर स्पष्टच आहे की त्याला दोष दाखव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आता मनातल्या मनात सूड देवावर सोपवणं आणि समोरच्याशी समेट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पश्चात्तापाआधीही क्षमा करावी की नाही यावर चांगल्या चांगल्या पाळकांचं एकमत नाही, त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की ते पुस्तक हा तिचा हिशेब आहे. किती नेलं, कोणी नेलं, कोण बघत होतं. ज्याने नेलं तो बहुतेक कर्ज आहे हेच कबूल करत नाही. अशा वेळी आपण कर्जदाराच्या वतीने तिच्याकडे सूट मागायला का उभे राहतो?

दुसरं म्हणजे 2 शमुवेल 13. दावीद राजाची मुलगी तामार, तिची गोष्ट. रविवारी यावर संदेश ऐकलाय का कधी? मी आयुष्यात एकदाही नाही. तिचा सावत्र भाऊ अम्नोन आजारी असल्याचं सोंग करतो, ती त्याच्यासमोर कणीक मळून पोळ्या करते, तो सगळ्यांना बाहेर घालवतो. ती नाही म्हणते, कारणं देते, माझी अब्रू कुठे जाईल विचारते, सगळं स्पष्ट शब्दांत, तरी तो ऐकत नाही, जबरदस्ती करतो. "ओरडली का नाहीस" विचारणाऱ्यांना मी हा अध्याय दाखवते, शिवाय भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, हे आता डॉक्टरही सांगतात. नंतर ती शोकाने डोक्यावर राख टाकते, पायघोळ झगा फाडते आणि रडत रडत बाहेर जाते, म्हणजे लपवत नाही. आणि मग भाऊ अबशालोम म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद राजाला, बापाला, राग येतो आणि तो काहीच करत नाही. दोन वर्षं. तामार भावाच्या घरात उदास होऊन राहिली, एवढंच तिच्याबद्दल लिहिलंय, पुढे ती दिसतच नाही. अबशालोमने नंतर अम्नोनला मारलं पण ते त्याचं राजकारण, तिला कोणी विचारलं नाही. मग वाटतं, पवित्र शास्त्राने या गोष्टीला गोड शेवट लावला नाही तर आपण त्या लेखिकेकडे तो का मागतोय. स्तोत्र 88 पण असंच, अंधारातच संपतं, तरी ते स्तोत्रांमध्ये आहे.

आणि क्षमा म्हणजे शिक्षा नको, असंही नाही हो. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर लॅरी नासर, त्याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात कोर्टात दीडशेहून जास्त मुली-बायका बोलल्या, शेवटी बोलली रेचल डेनहॉलंडर, 24 जानेवारी 2018 ला. ती ख्रिस्ती आहे. तिने त्याला क्षमा केल्याचं सांगितलं, त्याला अपराधाचं ओझं कळून खरा पश्चात्ताप व्हावा अशी प्रार्थना करते म्हणाली, आणि त्याच निवेदनात जज्जकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली. 40 ते 175 वर्षं झाली त्याला. आमच्या ग्रुपवर तेव्हा फक्त क्षमेचा तुकडा फिरत होता, सगळ्यांनी हात जोडलेले. शिक्षेचा भाग कोणी फॉरवर्ड केला नाही, आणि अत्याचार झालेल्यांची बाजू घेतल्यामुळे मला माझं चर्चही गमवावं लागलं असं ती तिथेच म्हणाली, तो तर नाहीच.

त्यावरून तुमचा चर्च सोडल्याचा मुद्दा. प्रसिद्ध ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस यांची पुस्तकं माझ्या कपाटात होती, तुमच्याही असतील. ते मे 2020 मध्ये वारले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा, त्यांच्या लैंगिक अत्याचारांबद्दलचा रिपोर्ट आला. त्यात एका बाईने सांगितलंय की ते तिला आपल्याबरोबर प्रार्थना करायला लावायचे, दोघांना मिळालेल्या संधीबद्दल देवाचे आभार मानायला लावायचे, आणि तू बोललीस तर लाखो आत्म्यांचं तारण बुडेल असं तिला बजावलं होतं. आता अशा बाईला "चल, प्रार्थना करू" म्हटलं तर तिच्या कानात काय वाजेल, सांगा. जे शब्द आपल्याला आधार वाटतात त्याच शब्दांनी तिला धरून ठेवलेलं असतं. ती उपासनेत बसू शकत नाही म्हणजे तिचा विश्वास गेला, असं मी तरी म्हणणार नाही, आणि गेला असेल तरी त्याचा जाब आधी ज्याने घालवला त्याला.

बायबल स्टडीत घ्या की पुस्तक. पण आधीच सांगून ठेवा विषय काय आहे आणि कोणत्या प्रकरणात तपशील आहेत, म्हणजे ज्यांना नको त्या येणार नाहीत, आणि न येण्याचं कारण कुणाला विचारू नका. कुणाला स्वतःचं सांगायचा आग्रह तर अजिबात नको. आणि हो, गटात कुणी एखाद्या लहान मुलाबद्दल काही सांगितलं तर ते "आपापसात" मिटवायचं नाही, पाळकांकडे नेऊन थांबायचं नाही, सरळ पोलिसात. मत्तय 18:15, म्हणजे आधी एकांतात त्याला दोष दाखव, हे इथे कुणी काढलं तर सांगा, ते भावाभावातल्या अपराधाचं आहे, गुन्ह्याचं नाही.

त्या मुलीला मी मागच्या वर्षी मेसेज केला. मी तेव्हा चुकीचा प्रश्न विचारला, उत्तर देऊ नकोस, फक्त एवढं सांगायचं होतं, असं लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, "तुम्हाला आठवतंय हेच मला माहीत नव्हतं." त्यावर काय लिहायचं ते मला सुचलं नाही, अजूनही नाही.