एम.एड.चा प्रबंध: वर्गातल्या संगणकावर संशोधनात आधी काय घ्यावं?

‘संगणकाने मुलं जास्त शिकतात का’ हा प्रश्न सोडा. संगणकाचा तास कशाच्या जागी येतो आणि शिकलेलं काही महिन्यांनी किती टिकतं, हे आधी घ्या. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतला ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचा कार्यक्रम बघा, त्यावर अर्थतज्ज्ञ बॅनर्जी-डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा २००७चा निबंध आहे. चौथीची मुलं, एका संगणकावर दोघं, आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ. दुसऱ्या वर्षाअखेर गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं माप). कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने उरली जेमतेम ०.१! गुजरातमध्येच अर्थतज्ज्ञ लिंडन यांनी केलेल्या अभ्यासात शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक दिला तेव्हा मुलं चक्क मागे पडली, शाळेच्या वेळेबाहेर जादा दिला तेव्हा पुढे गेली. म्हणून तुमच्या नोंदवहीत तीन रकाने हवेतच:

- त्या तासाला एरवी काय शिकवलं जायचं
- जोडीत माउस कोणाच्या हातात होता (हुशार मुलगाच तो धरून बसतो का, हे जरूर टिपा)
- सहा महिन्यांनी घेतलेल्या फेरचाचणीचे गुण

मात्र दोनच तुकड्यांची तुलना केलीत आणि त्यांचे शिक्षक वेगळे असले, तर फरक संगणकाचा की शिक्षकाचा हे सांगता येणार नाही. निदान आठ-दहा शाळा घ्या, आणि संगणक कोणत्या शाळेत जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.