पायोग्लिटाझोनने साखर उतरते, मग वजन का वाढतं आणि पाय का सुजतात?

आईंची साखर आटोक्यात आली, पण वजन वाढलं आणि घोटे सुजतात. ही गोळी ‘केंद्रकातल्या रिसेप्टरवर’ काम करते म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंय. मी फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. आधी सुजेचं: ती अंगावर काढू नका. धाप लागत असेल, वजन भराभर वाढत असेल किंवा आईंना हृदयाचा काही त्रास असेल, तर आजच डॉक्टरांना कळवा.

रिसेप्टर म्हणजे औषधाचा किंवा संप्रेरकाचा संदेश पकडणारं पेशीतलं प्रथिन. इन्सुलिनचा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतो. पायोग्लिटाझोनचा मात्र थेट केंद्रकात, डीएनएवर बसलेला. त्याचं नाव पीपीएआर-गॅमा. माणसाच्या शरीरात असे 48 केंद्रकीय रिसेप्टर आहेत. थायरॉईड, इस्ट्रोजेन, ‘ड’ जीवनसत्त्व यांचे रिसेप्टर याच घराण्यातले. औषध चिकटलं की काही जनुकांचं काम वाढतं, काहींचं घटतं. मग प्रथिनं बदलणार, पेशी बदलणार, म्हणून पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने जातात.

पीपीएआर-गॅमाचं मुख्य काम चरबीच्या पेशी घडवणं. हो, ही गोळी चरबी वाढवूनच साखर उतरवते! धान्य कणगीत असेल तर बिघडत नाही, घरभर सांडलं की उंदीर होतात. तसंच रक्तातली मेदाम्लं (चरबीचे घटक) कातडीखालच्या नव्या चरबीपेशींत गेली की यकृत आणि स्नायू मोकळे होतात नि इन्सुलिनला दाद देऊ लागतात. ज्यांच्यात पीपीएआर-गॅमाच्या जनुकातच जन्मजात बिघाड असतो, त्यांचे हातपाय चरबीविना सडसडीत दिसतात, तरी मधुमेह जबर असतो. मला तरी याहून पटणारा पुरावा माहीत नाही.

अडचण ही की हाच रिसेप्टर मूत्रपिंडातही आहे. तिथे तो मीठ धरून ठेवायला लावतो, मिठामागे पाणी येतं आणि घोटे सुजतात. सोबत इन्सुलिन चालू असेल तर सूज जास्त. अस्थिमज्जेत हाडं घडवू शकणाऱ्या पेशी चरबीकडे वळतात. बायकांमध्ये हाड मोडण्याचा धोका म्हणूनच वाढतो. आईंचं वय बघता हेही डॉक्टरांना विचाराच.

जून 2013 मध्ये भारतात या औषधावर बंदी आली होती, जुलैअखेर ती उठली आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापणं सक्तीचं झालं. त्यामुळे लघवीतून रक्त गेलं तर लपवू नका, असं आईंना सांगून ठेवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर बहुधा मात्रा कमी करतील किंवा औषध बदलतील.