जनरेटरमधला चुंबक वीज देऊन देऊन कधी संपतो का?

तुमचा प्रश्न असा की, जनरेटरात चुंबक फिरतो आणि वीज मिळते, मग ती चुंबकातून निघते का, आणि तो कधी रिकामा होतो का?

वीज चुंबकातून निघत नाही. ती येते फिरवणाऱ्याच्या जोरातून. मी डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) देखभालीचं काम करतो, तिथे हे कानांनी कळतं. लोड नसताना इंजिन हलकं चालतं. सोसायटीचा पंप सुरू झाला की आवाज जड होतो आणि गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, जास्त डिझेल सोडतो. रोटर, म्हणजे फिरणारा चुंबक, तोच, वेगही जवळपास तोच. पण वाइंडिंगमधून, म्हणजे रोटरभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यांमधून, करंट वाहू लागला की त्याचंही चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते रोटरच्या फिरण्याला विरोध करतं. हाच लेन्झचा नियम. त्या विरोधाला न जुमानता रोटर फिरवत ठेवायचा, त्याचीच किंमत आपण डिझेलमध्ये मोजतो.

मग चुंबक हवाच कशाला? १७ ऑक्टोबर १८३१ ला फॅरेडेने तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवला. आत जाताना गॅल्व्हानोमीटरची (बारीक करंट दाखवणाऱ्या यंत्राची) सुई एका बाजूला गेली, बाहेर काढताना उलट बाजूला. चुंबक आत नुसता ठेवला तेव्हा सुई हललीच नाही. म्हणजे वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तेवढाच वेळ वीज मिळते, आणि ते सतत बदलतं ठेवायला रोटर सतत फिरवावा लागतो. उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने समोरून जातात म्हणून करंटची दिशाही उलटसुलट होते. चार ध्रुवांचा रोटर मिनिटाला १५०० फेरे घेतो तेव्हा आपली ५० हर्ट्झ वीज मिळते.

तुमच्या शंकेत एक गोष्ट मात्र खरी आहे. बहुतेक आल्टरनेटरमध्ये (जनरेटरचा वीज तयार करणारा भाग) कायमचा चुंबक नसतोच, रोटर हा विद्युतचुंबक असतो. सुरुवातीला लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर थोडी वीज तयार होते, एव्हीआर (व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग) तीच एक्सायटरला, म्हणजे रोटरच्या विद्युतचुंबकाला करंट पुरवणाऱ्या छोट्या जनरेटरला, देतो, चुंबकत्व वाढतं आणि व्होल्टेज चढत जातं. सेट बराच काळ बंद पडून राहिला तर हे उरलेलं चुंबकत्व कधीकधी जातं. मग इंजिन झकास चालतं, पण व्होल्टमीटरचा काटा जागचा हलत नाही. अशा वेळी एव्हीआरच्या वायरी सोडवून एक्सायटर फील्डला १२ व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर झटका देतात. हे काम मेकॅनिकलाच करू द्या.